आई-बाबा, शेवरी येतेय

छत्रपती संभाजीनगर
येळवशीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "कुत्रं घरात आलं तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई." मी काही सांगायच्या आत फोन बंद. बाबा मागं खाकरल्याचं तेवढं ऐकू आलं. फोनवर माझं कधीच पुरं ऐकून घेतलं जात नाही, म्हणून पत्र लिहिते. आई, बाबांकडून वाचून घे आणि मधे थांबवू नको.

ठरलं आहे. संक्रांत झाली की पिल्लू घरी येणार.

सोहमला हस्की हवा होता. मोबाईलवर निळ्या डोळ्यांचे हस्की बघून बघून त्यानं आमचं डोकं खाल्लं. सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला जोपासलेलं जनावर ते, अंगावर केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवायची. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. हौसेपायी लोक असली कुत्री आणतात आणि दिवसभर एसीत कोंडून ठेवतात. मला ते बघवत नाही.

ह्यांच्या मनात कारवानी कुत्रा होता. लातूरकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार! कारवानी, पश्मी आपल्याच मातीतले, उन्हाला दबत नाहीत. बाबा, माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारासोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं, तिथं तुम्ही बघून आलाच आहात. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. पण ती जात पळण्यासाठी घडलेली. आमच्या अंगणात स्कूटर लावली की माणसाला वळायला जागा राहत नाही, तिथं सशामागं रानं पालथी घालणाऱ्या कुत्र्यानं करायचं काय?

मग गावठीच घ्यायचं ठरलं. आमच्या पतसंस्थेच्या मागच्या बोळात एका बंद दुकानाच्या जिन्याखाली कुत्री व्यायली आहे. चहाच्या टपरीवरची मावशी तिला खाऊ घालते, त्यामुळे ती माणसांना बुजत नाही, पिल्लांना हात लावू देते. बाबा, गोऱ्हा बघायला जाताना तुम्ही मला सोबत न्यायचात, ते इथं एक पिल्लू निवडताना कामाला आलं. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, कानाला घाण वास नाही, चाल सरळ. पोट मात्र जरा फुगलेलं आहे. जंत असणार, त्याचं औषध मावशीकडं देऊन ठेवलं. चुटकी वाजवली की भावंडांना सोडून येते, पण अंगावर झेपावत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आणि रंग! पांढऱ्या अंगावर काळे डाग, आडवेतिडवे. आपल्या देवणी गाई-बैलांत तुम्ही ज्याला शेवरा म्हणता, अगदी तो. म्हणून नाव शेवरी. सोहमला ब्रूनो ठेवायचं होतं. मी म्हटलं, ब्रूनो आजोबांच्या तोंडात बसायचा नाही.

हो, मादी आहे. आई आता म्हणेल, "मादी काहून? दर सहा महिन्याला दारात कुत्र्यांची रांग." बरोबर आहे, आणि त्याच कारणानं सगळे नर उचलून नेतात नि माद्या बोळात राहतात. डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. साधारण सहा महिन्यांची झाली की तिचं वाढीचं बघून ते ऑपरेशनची वेळ सांगतील. ते झालं की रांग नाही, पिल्लं नाहीत, आणि वय झाल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोकाही राहत नाही.

आजच का आणत नाही असं सोहम रोज विचारतो. पिल्लू सध्या पाच आठवड्यांचं आहे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमात तर त्याआधी पिल्लू विकायलासुद्धा बंदी आहे. या दिवसांत भावंडांशी चावाचावी करतानाच ते शिकतं की किती जोरात चावलं म्हणजे समोरचा केकाटतो. हे आम्ही शिकवायला गेलो तर सोहमच्या हाताच्या चिंध्या होतील.

आता आई, तुझ्या भीतीचं. तू सोवळ्याचं नाव पुढं करतेस, पण खरी गोष्ट वेगळी आहे हे मला माहीत आहे. माझ्या जन्माआधी बाबांना गावातलं कुत्रं चावलं होतं आणि तालुक्याला जाऊन त्यांनी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली. तू रोज सोबत जायचीस. बाबा ती गोष्ट हसून सांगतात, तू उठून आत जातेस. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे. आपल्या देशात 2004 मध्ये तिचं उत्पादनच थांबवलं. आता दंडात घेतात, महिनाभरात ठरलेल्या दिवशी, चार-पाचच. पण तुझी भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यामुळं माझ्या घरात हे कडक राहणार. शेवरीला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, पुढं दर वर्षी. तिचे बारीक दात लागले तरी, बोचकारलं तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. चुना नाही, तिखट नाही, हळद नाही. गावात अजून कुणी चाव्यावर तिखट भरत असेल तर बाबा, त्यांनाही सांगा.

बाकीच्या लशी वेगळ्या, त्या आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. त्यात पार्व्होचं भ्या मोठं. रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलला दाद देत नाही. म्हणून लशी पुऱ्या होईपर्यंत शेवरीला रस्त्यावर पाय टेकवू देणार नाही. पण नेमक्या याच वयात पिल्लाला जग दाखवावं लागतं, नाहीतर मोठेपणी ते मिक्सरलाही भितं आणि दाढीवाल्या माणसालाही. यावर उपाय एकच, कडेवर घेऊन फिरवायचं. गल्लीतल्या बाया हसणार. हसू देत.

फिनाईल आम्ही बंदच केलं. पिल्लू फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं, ते पोटात जातं. मुतलेल्या जागेचा वास मात्र पुरता गेला पाहिजे, नाहीतर तिथंच पुन्हा. इथं नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळं वापरलेलं पाणी पोतेरं धुवायला वेगळ्या बादलीत साठवतो. घरात आणखी काय केलं ते थोडक्यात: वायरी उचलल्या, उंदराचं औषध फेकलं, चपलांना दार असलेलं कपाट केलं. आई, तू लावलेली कण्हेर उपटली नाही, तुझ्या पूजेची आहे. पण तिचं पान न्‌ पान विषारी, म्हणून कुंडी गच्चीवर नेली आणि गच्चीच्या दाराला कडी घातली. स्वयंपाकघराला आणि देवघराला सुताराकडून कमरेइतकी जाळीची दारं करून घेतली. शेवरी त्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा माझा शब्द. मी दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांचा दाखला देणार होते, पण तुझं उत्तर मला पाठ आहे: "तू काय दत्त हायेस का?"

खरी काळजी मला तुझ्या गुडघ्याची आहे. पिल्लू पायात घुटमळतं, दिसत नाही, आणि त्या फरशीवर तू पडलीस तर? त्यावर सारखा विचार चालू आहे. गळपट्ट्याला घुंगरू बांधणार, म्हणजे कुठं आहे ते कळेल. तू चालताना ती तिच्या पिंजऱ्यात किंवा दोरीला. पिंजरा म्हटलं की कसंतरी वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पिल्लू दिवसातून अठरा-वीस तास झोपतं आणि त्याला आडोशाची अंधारी जागा लागतेच. दार उघडं ठेवून, आत खाऊ टाकून सवय लावायची, शिक्षा म्हणून कोंडायचं नाही.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही गप्प आहात म्हणजे मनातून खूश आहात. शेतातल्या आखाड्यावरच्या टिप्या कुत्र्याला तुम्ही आयुष्यभर भाकरी टाकली, त्यानं आयुष्यभर राखण केली, हिशोब बरोबर. पण टिप्याला कधी लस दिली का? अंगावर गोचडी झाल्या तर रॉकेल फासायचो आपण. बैलाला मात्र उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं होतं तुम्ही, टेम्पो करून. मी दोष देत नाही, तेव्हा तशीच रीत होती. आता गोचडीचं औषध महिन्याला द्यायचं, कारण कुत्र्यालाही गोचडीतून ताप येतो आणि रक्त कमी होतं. रॉकेलचं नाव काढायचं नाही.

आणि खाण्याचं. इथं तुम्हीच माझी खरी परीक्षा. चहात बुडवलेलं बिस्कीट तुम्ही टेबलाखालून देणार, मला दिसतंय. नको. कांदा, लसूण अजिबात नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि शिजवला म्हणून त्याचं विष जात नाही. म्हणजे येसराची आमटी, पिठलं, भज्जी, आपल्याकडचं बहुतेक सगळंच बाद. शिऱ्यातला बेदाणा नको, मूत्रपिंडावर जातो. सोहमचं चॉकलेट नको. शिजवलेलं हाड नको, त्याच्या टोकदार फाका होऊन आतडं फाडतं. गायीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, ढाळ लागते. आई, कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही गोष्ट मला तूच सांगितलीस. नरसीच्या दिशेनं हात जोडून सांगते, शेवरीला तूप देऊ नका. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवरही पिल्लू वाढत नाही, त्याला मांस-अंड्यातलं सत्त्व लागतं. तिला पिल्लांचं तयार खाणं थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा, सोबत उकडलेलं अंडं, कधी बिनमिठाचं चिकन, बाहेरच्या चुलीवर वेगळ्या भांड्यात. आई, ते भांडं घरात येणार नाही.

आणखी एक. तुझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं उशाशी पडलेली असतात. डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, आपल्याला रोजचं वाटतं, पण कुत्र्याला एखादी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. तुझ्यासाठी भिंतीत वर एक फळी ठोकून घेतली, चष्मा आणि गोळ्या तिथंच.

दुपारचं काय, हे तुम्ही विचाराल त्याआधीच सांगते. ह्यांनी वाळूजच्या कारखान्यात विनंती करून तीन महिने रात्रपाळी घेतली आहे, म्हणजे दिवसा घरात माणूस असेल. मी दुपारच्या सुट्टीत येऊन जाणार. सोहम शाळेतून आला की शेवरीचं आंघोळ सोडून सगळं तो करणार असं त्यानं वहीत लिहून सही केली आहे. त्या सहीवर माझा काडीचा विश्वास नाही. काम माझ्यावरच येणार हे धरूनच हो म्हटलं. नात्यातल्या बाया विचारतात, "दुसरं लेकरू सोडून कुत्रं कशाला?" त्यांना उत्तर द्यायचं मी सोडलं आहे.

तुम्हाला कुत्रं सांभाळायला बोलवत नाही. आईचा गुडघा दाखवायचाच आहे, तो शिवरात्रीनंतर दाखवू. तोवर शेवरीची रेबीजची लस झालेली असेल आणि ऊनही तापलेलं नसेल. उदगीरहून सकाळची गाडी धरा, मी स्टँडवर येते. आई, तू पुढच्या खोलीत राहा, तिथलं दार लावून घे, चार दिवस तिच्याकडं बघू नको, मी काही म्हणणार नाही. नाहीच जमलं तर पाचव्या दिवशी मी स्वतः गाडीत बसवून देईन.

येताना जुनी वाकळ आणा, फाटकी चालेल. त्याआधी हुरडा निघाला तर कुणासोबत तरी पाठवून द्या, तो आमच्यासाठी.

बाबा, एवढं वाचून झाल्यावर आईला फोन लावायला सांगा. रात्री नऊनंतर, हे पाळीवर गेलेले असतात.

तुमची,
वैशू