डॉक्टर मॅडम, तुम्ही तिची उंची मोजलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

दवाखान्यातल्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी लेक अकरा वर्षांची. चार वर्षं तिचं हिमोग्लोबिन 8 च्या वर जात नव्हतं. लोहाची सिरपं झाली, गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं. खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे तर रोजचेच. 'पोरगी नीट जेवत नाही' म्हणून जो तो मलाच बोल लावायचा. इतकं औषध अंगी का लागत नाही, हे तुम्ही विचारलंत. तिला भिंतीला उभं करून उंची मोजलीत आणि गव्हाने आतड्याला इजा होतेय का ते सांगणारी टीटीजीची रक्ततपासणी लिहून दिलीत.

मी त्याच दिवशी पोळी बंद करणार होते. तुम्ही थांबवलंत, "सगळ्या तपासण्या होईपर्यंत पोळी चालू ठेवा, नाहीतर आजार असून रिपोर्ट निगेटिव्ह येईल." हे तुमचे सगळ्यात मोठे उपकार. पुढे दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि सिलिॲक हा आजार पक्का झाला. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तरच झिजलेलं, लोह शोषलं जाणार कुठून?

याआधी एका ठिकाणी ऐकलं होतं, 'हा पंजाबकडचा आजार, आणि हिला जुलाब कुठे होतात?' उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला तो असतो आणि दक्षिणेत बराच कमी, हे खरंच. पण पोळी आपल्याही ताटात रोज असते. आणि जुलाब न होता नुसता ॲनिमिया किंवा खुंटलेली उंची एवढंच दिसू शकतं, म्हणून तर कितीतरी जणांचं निदानच होत नाही. तुमच्या आग्रहाने धाकट्याचंही रक्त तपासलं. एकही तक्रार नसलेला माझा मुलगा, त्याचाही टीटीजी वाढलेला निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता घरात नागली, ज्वारी, तांदूळ, भगर. गिरणीत त्याच जात्यावर गहू दळतात, म्हणून घरघंटी घेतली. बांधणीच्या हिंगात मैदा असतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. लेकीचं हिमोग्लोबिन परवा 11.4 आलं. मी रिपोर्ट हातात धरून रडले.

माझी बहीण निफाडला असते. तिचंही लोह वर्षानुवर्षं चढत नाही. गुरुवारी तिला घेऊन येतेय. पोळी अजून चालू आहे तिची, मी सोडू दिलेली नाही.

तुमची ऋणी,
एक आई, नाशिक