नैरोबीला निघालेल्या मित्रास

सोलापूर, रविवार

प्रिय मिल्या,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात बस्त्याची मंडळी बसली होती, त्यामुळे धड बोलता आलं नाही. कंपनी तुला नैरोबीला धाडतेय, तिथे दुकानांची साखळी उभी करायची आहे आणि 'तिकडच्या लोकांना काय आवडतं' याचा अहवाल तुझ्या गळ्यात पडलाय, एवढं समजलं. अभिनंदन रे! वहिनी काय म्हणाल्या, पोरांच्या शाळेचं काय ठरलं, ते सविस्तर कळव. मला 'धंद्यातला माणूस' म्हणून विचारलंस, तर आज सवड आहे, लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे की परमुलखात माल बदलणं सोपं. अवघड जातं ते दुकानाची स्वतःची रीत बदलणं. कारण ती आपली रीत आहे, हेच मालकाच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, दुकान म्हणजे असंच असायचं.

वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीचं जर्मनीत काय झालं ते बघ. 1997 मध्ये तिथली एक साखळी विकत घेतली, पुढच्या वर्षी दुसरी. पैशाला तोटा नव्हता. पण साहेब अमेरिकेचा, त्याला जर्मन येत नाही, म्हणून वरच्या लोकांचा कारभार इंग्रजीत. दारात स्वागताला माणूस उभा, नोकरांनी गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं अशी ताकीद. जर्मन माणसाला ते खपेना. काही पुरुषांना तर वाटलं, ही पोरगी आपल्यावर लाइन मारतेय! सकाळी नोकरांनी एकत्र कंपनीचा जयघोष करायचा, तोही पुढे बंद करावा लागला. स्वस्ताईचा हुकमी एक्का होता, पण स्वस्तात विकायला आल्डी आणि लिडल या तिथल्याच साखळ्या आधीच ठाण मांडून. त्यात खरेदीच्या भावाखाली दूध-लोणी विकायला सरकारने 2000 साली मनाई केली. 2006 मध्ये 85 दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून मंडळी परत गेली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त झोंबली ती उशांच्या अभ्र्यांची गोष्ट, कारण आपण कापडातली माणसं. जर्मन उशी चौकोनी, 80 बाय 80 सेंटिमीटर. यांनी अमेरिकन मापाचे लांबट अभ्रे भरून ठेवले. कोण घेणार? आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कुठल्याही हेमिंगवाल्या बाईला विचार, जर्मनीचा टॉवेल 70 बाय 140 चा, अमेरिकेचा इंचात मोजायचा, हे ती कडा दुमडता दुमडता सांगेल. जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराला ते कोणी सांगितलं नाही, की सांगूनही वरपर्यंत पोचलं नाही? मला वाटतं दुसरंच.

कोरियातही त्याच वर्षी त्यांनी 16 दुकानं विकली, घेतली तिथल्याच ई-मार्टवाल्यांनी. खोकीच्या खोकी माल आणि उंचच उंच मांडण्या तिथल्या बायकांना गोदामासारख्या वाटल्या. त्यांना ताजी मासळी, ताजी भाजी समोर बघून घ्यायची होती. घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या अमेरिकन होम डेपोची चीनमध्ये वेगळीच तऱ्हा. स्वतः ड्रिल घेऊन घर दुरुस्त करण्याची हौस अमेरिकन माणसाला. चीनमध्ये मजूर स्वस्त, मग नवा फ्लॅट घेतलेला माणूस स्वतः कशाला भिंत रंगवेल? 2006 मध्ये 12 दुकानं घेतली होती, 2012 मध्ये उरलेली सातही बंद केली.

आता आयकिया या स्वीडनच्या फर्निचरवाल्यांबद्दल लिहितो, कारण ते डोळ्यांनी बघून आलोय. तुला माहीत आहे, आमच्या हिच्या माहेरची निम्मी मंडळी हैदराबादेत. तिथलं दुकान 9 ऑगस्ट 2018 ला उघडलं. उघडण्याआधी त्यांची माणसं म्हणे हजारेक घरांत जाऊन बघून आली होती. कपाटं, ओटे थोडे कमी उंचीवर मांडलेले, पाहुणे आले तर पटकन काढायला घडीच्या खुर्च्या आणि स्टुलं, काथ्याची गादी. उपाहारगृह हजार माणसांचं, त्यात बिर्याणी आणि समोसा. मांसाचे गोळे असतात त्यांचे प्रसिद्ध, तेही इथे कोंबडीचे नाहीतर भाज्यांचे. सामान घरी येऊन जोडून देणारी माणसंही मिळतात, कारण आपल्याकडे सुतार बोलवायची सवय.

आमच्या सासूबाई मात्र मांडलेल्या पलंगावर चप्पल काढून, मांडी घालून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "भाव कुणाशी करायचा इथे?" मी भावाची चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती उलटी करून मागची बाजूही बघितली. तिथल्या पोराने उठवलं नाही, हे मला आवडलं. चीनमध्ये लोक त्यांच्या पलंगांवर चक्क झोपा काढतात, तेही त्यांनी बरंचसं चालवून घेतलं. पण भाव पक्का, आणि आत शिरलं की सगळं दुकान फिरूनच बाहेर पडायचं. ते दोन्ही त्यांनी सोडलं नाही. हेच डोकं! सगळंच आपल्यासारखं केलं असतं तर सासूबाई तिथे गेल्या असत्या कशाला? फर्निचरची दुकानं इथे काय कमी आहेत?

आता आपला बस्ता बघ. परवाचीच मंडळी कर्नाटकातल्या इंडीकडची, पंधरा-सोळा माणसं. आजी गादीवर मधोमध, नवरदेवाचा मामा पैशांचा खिसा सांभाळत. चहा झाला, मग साड्या उलगडायला सुरुवात. निवड कोण करतं? नवरी नाही, नवरदेव नाही. आजी कानडीत एक शब्द बोलली की पोरगा तो ढीग बाजूला सारतो. शेवटी मामाला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय बिलाला पूर्णविराम नाही. आता याला ट्रॉली, पट्टी लावलेला भाव आणि बिलिंगची रांग लावून बघ. साडी तीच, भाव कदाचित कमी, तरी मंडळी उठून जातील. आणि तेच इंडीकर महिन्याचं तेल-साखर भरायला डीमार्टच्या रांगेत मुकाट उभे राहतात! म्हणजे 'आपली संस्कृती' असं सरसकट काही नसतं. तुझ्या अहवालात 'केनियन ग्राहक असा असतो' असं वाक्य दिसलं तर मी फाडून टाकेन.

नैरोबीचं तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असशील. मला ठाऊक आहे ते असं, की तिथे 2007 पासून एम-पेसावर मोबाइलने पैसे देतात, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. लहान दुकानांत तेल-साखर अगदी चिमूटभर मापात विकतात, हातावर पोट असलेल्या माणसाला ते परवडतं. आपल्या विडी कामगार बायका आठवड्याच्या पगारावर कशा किराणा भरतात, आठवतंय ना? दक्षिण आफ्रिकेची शॉपराइट ही दुकानसाखळी 2018 मध्ये तिथे गेली आणि 2020 मध्ये निघायचं ठरवून मोकळी झाली. फ्रान्सची कारफूर 2016 मध्ये आली ती दुबईच्या माजिद अल फुत्तैम कंपनीच्या हातून, आणि टिकली. तीच कारफूर आपल्या दिल्लीत 2010 मध्ये घाऊक दुकान घेऊन आली होती, 2014 मध्ये गाशा गुंडाळला. नाव तेच. मग नैरोबीतली दुकानं बघ, तिथे मालाचा निर्णय कोण घेतो त्याचा शोध लाव.

जपानमधल्या सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या साखळीवाल्यांनी मालाचा निर्णय आपल्याच हातात ठेवला. भाड्याने घेतलेल्या अमेरिकन पाटीखाली 1974 मध्ये पहिलं दुकान उघडलं, पण आत भाताचे गोळे आणि जेवणाचे डबे, दिवसातून अनेकदा ताजा माल. हिशेब सगळा तिथल्या लोकांच्या हातात. 1991 मध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच अडचणीत आली, तेव्हा जपान्यांनी तिचा मोठा हिस्सा विकत घेतला!

म्हणून अभ्र्यांबद्दल मला दुसरंच वाटतं असं म्हटलं. खालच्या कुणाला माप नक्की माहीत असणार, पण त्याच्या शब्दाला मोल नसणार. तेव्हा अहवाल लिहायच्या आधी तुझ्या साहेबांना एक विचार. नैरोबीच्या दुकानातल्या तिथल्या मॅनेजरला पुण्याच्या मुख्य कचेरीला न विचारता किती रकमेचा माल मागवता येईल, आणि न खपणारा माल परत पाठवता येईल का? आकडा काय सांगतात ते मला कळव. त्यावरून बाकीचं बोलू.

आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. निघण्याआधी एक रात्र तरी ये, हुतात्मा एक्सप्रेस सोयीची पडेल. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवतो, विमानात किती वजन चालतं ते सांग.

तुझा,
शिऱ्या