वंशावळीचा शोध रामकुंडावरही घ्यावा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मरण पावलेल्या तरुण मराठा शिपायावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘कुटुंबाचा माग लागणे आता अशक्य’ हा त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही.

महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची यादी ऑनलाइन खुली आहे. तीत अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही सापडतो. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर मात्र साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, फक्त पलटणवार संख्या लिहिली गेली. अशा असमान वागणुकीबद्दल आयोगाने 2021 मध्ये माफी मागितली, तीही शतक उलटल्यावर!

लेखकाचा शोध या परदेशी कागदांपाशी थांबला. पण नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांकडे, गाव आणि आडनावानुसार लिहिलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नामावळ्या आहेत. ज्याचा देह घरी आलाच नाही, त्याच्या श्राद्धासाठी बाप किंवा भाऊ नाशिकला गोदावरीतील रामकुंडावर आला असेल, तर त्या घराण्याचा धागा या चोपड्यांत मिळू शकतो. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत. कागदही जीर्ण होतो आहे.

जिल्हा प्रशासनाने तीर्थोपाध्यायांच्या संमतीने, चोपड्यांची मालकी त्यांच्याकडेच ठेवून, या नोंदींच्या डिजिटल प्रती करून घ्याव्यात. कुंभमेळ्याच्या तयारीत या कामासाठीही तरतूद व्हावी.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक