जॉबसीकरची मोजपट्टी बदला: ऑस्ट्रेलियाचे अर्थमंत्री जिम चाल्मर्स यांना खुले पत्र

मा. जिम चाल्मर्स,
अर्थमंत्री, ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा

महोदय,

20 सप्टेंबर 2025 पासूनच्या दरांप्रमाणे एकट्या, मूलबाळ नसलेल्या बेरोजगाराला जॉबसीकर भत्ता पंधरवड्याला 793.60 डॉलर होता. एकट्या वृद्धाचे पूर्ण पेन्शन, पूरक भत्ते धरून, 1,178.70 डॉलर. म्हणजे भत्ता पेन्शनच्या साधारण 67 टक्के. भाडे, वीज आणि किराणा मात्र दोघांनाही एकाच भावाने घ्यावा लागतो.

ही दरी कुणी एका अर्थसंकल्पात ठरवून पाडलेली नाही. ती मोजपट्टीतून पडली, म्हणून हे पत्र आधी तिच्याबद्दल आहे. दोन्ही रकमा वर्षातून दोनदा, 20 मार्च आणि 20 सप्टेंबरला सुधारल्या जातात. जॉबसीकर फक्त ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढतो. पेन्शनला त्याशिवाय पेन्शनधारकांच्या खर्चाचा वेगळा निर्देशांक आहे आणि खाली पुरुषांच्या सरासरी वेतनाशी बांधलेली किमान पातळीही आहे. वेतन महागाईच्या पुढे गेले की पेन्शन त्याच्याबरोबर वर जाते, भत्ता महागाईपुरताच वाढतो. समजा महागाई दरवर्षी अडीच टक्के आणि वेतनवाढ साडेतीन टक्के. एका पातळीवरून निघालेल्या दोन रकमांपैकी वेतनाबरोबर वाढणारी 20 वर्षांनी 100 असेल, तेव्हा महागाईबरोबर वाढणारी 82 वर असेल. कुणाचीही फाईल न हलता 18 टक्के कपात झालेली असते. युथ अलाउन्सची, म्हणजे तरुण विद्यार्थी आणि बेरोजगारांच्या भत्त्याची, अवस्था आणखी वाईट: तो वर्षातून एकदाच, 1 जानेवारीला सुधारतो.

त्यामुळे एकदाच दिलेली वाढ टिकत नाही. 2021 मध्ये पंधरवड्याला 50 डॉलर वाढले, 2023 मध्ये तुम्ही 40 डॉलर दिले. दोन्ही वाढी गरजेच्याच होत्या. पण गळक्या पिंपात पाणी ओतत राहिलो तर गळती कुठे थांबते?

सरकारनेच नेमलेल्या आर्थिक समावेशन सल्लागार समितीने एप्रिल 2023 च्या पहिल्याच अहवालात पातळी सांगितली: पेन्शनच्या 90 टक्के. वरच्या दराने ते 1,060.83 डॉलर होतात, म्हणजे 267 डॉलरची तूट. आता तुमची करकपात पाहा. वार्षिक उत्पन्नाच्या 18,201 ते 45,000 डॉलर या टप्प्यावरचा कर 1 जुलै 2026 पासून 16 वरून 15 टक्के होणार. त्यातून कुणाचेही पहिल्या वर्षी वाचणार जास्तीत जास्त 268 डॉलर, म्हणजे बेरोजगाराची एका पंधरवड्याची तूट. वर्षभर फक्त भत्त्यावर जगणाऱ्याला करसवलतीमुळे मुळातच कर लागत नाही, तेव्हा त्याच्या हाती या कपातीतून काहीच पडत नाही.

भत्ता वाढला तर लोक काम सोडतील, ही भीती आकड्यांत टिकत नाही. 1 जुलै 2025 पासूनचे राष्ट्रीय किमान वेतन आठवड्याला 948 डॉलर, पंधरवड्याला 1,896. पेन्शनच्या 90 टक्के रक्कम त्याच्या 56 टक्क्यांवर येते. कामाकडे जाणाऱ्याची खरी अडचण कपातीच्या नियमात आहे. पंधरवड्याला पहिल्या 150 डॉलर कमाईला हात लागत नाही. 150 ते 256 पर्यंत डॉलरमागे 50 सेंट आणि पुढे 60 सेंट भत्त्यातून जातात. कुणी 400 डॉलर कमावले तर 139.40 कापले जातात, आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च उरलेल्या 260.60 मधूनच. 150 ची ती मर्यादा 2021 पासून तेवढीच आहे.

शिवाय हा भत्ता लगेच सुरू होत नाही. एकट्या माणसाच्या हाताशी 5,500 डॉलर असले तर एक आठवडा थांबायचे, 11,500 किंवा जास्त असले तर 13 आठवडे. अडीअडचणीला बाजूला ठेवलेले पैसे असे सुरुवातीलाच संपतात. नंतर गाडी बिघडली की मुलाखतीलाही जाता येत नाही. परदेशातून येणाऱ्यांना, आपल्या मराठी कुटुंबांनाही, कायम निवासी झाल्यावर सहसा 208 आठवड्यांची प्रतीक्षा असते. कर पहिल्या पगारापासून कापला जातो, त्याला प्रतीक्षा नाही.

मागणी अशी. 1991 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती करून जॉबसीकर आणि युथ अलाउन्स पेन्शनच्याच पद्धतीने, वर्षातून दोनदा सुधारावेत. हे पहिल्याच वर्षी व्हावे, कारण सुरुवातीला त्याचा खर्च सर्वांत कमी असतो. 67 वरून 90 टक्के एकदम झेपत नसेल, तर चार अर्थसंकल्पांत दरवर्षी सुमारे सहा टक्के-बिंदू वाढवा, पण टप्प्यांच्या तारखा कायद्यातच लिहा. आश्वासनावर सोडलेला टप्पा पुढच्या निवडणुकीत गळतो, हा अनुभव सगळ्याच पक्षांचा आहे. 150 डॉलरची मर्यादाही निर्देशांकाला जोडा. 208 आठवड्यांची अट निदान नोकरी गेलेल्या करदात्यांसाठी शिथिल करा.

समितीचा अहवाल दरवर्षी अर्थसंकल्पाच्या किमान दोन आठवडे आधी येतो. यंदा 90 टक्क्यांची शिफारस नाकारायची असेल, तर त्याचे कारण आणि त्याची रक्कम अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत छापा.

आपले,
ऑस्ट्रेलियातील काही मराठी करदाते