आईचं शून्य तिकीट

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, त्यात शेजारच्या काकू स्पीकरवर घुसतात. म्हणून म्हटलं, या खेपेला लिहूनच पाठवावं.

परवाची तुमची कट्ट्यावरची मैफल मी इकडे पुण्यात पोळ्या लाटत पूर्ण ऐकली. बाबा, तुमचा तीन राज्यांचा किस्सा आता माझ्या मुलांनाही पाठ झालाय. जन्म मुंबई राज्यात, पाच वर्षांचे झालात तोवर १९५६ चा नोव्हेंबर उजाडला आणि नंदगड म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याचंच कर्नाटक झालं. घर तेच, माजघरातली खुंटीसुद्धा तीच. ‘जागचा न हलता एवढा प्रवास केलेला माणूस दाखवा बघू!’ आणि चंदगड तालुका तेवढा पलीकडे राहिला, म्हणून तुमच्या आत्याचं सासर रातोरात परराज्यात. त्यावर काकांचं मीटरगेजचं पुराण झालं, खिडकीतून डोकावलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा ते. मग रॉकेलची रांग, मग तारवाला दारात आला की पाकीट फोडायच्या आधीच सुरू होणारी रडारड. हसून हसून पुरेवाट झाली.

पण या सगळ्यात आमच्या घरात जे खरंखुरं बदललं, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. आई हिंडायला लागली!

मी लहान असताना आईला बेळगावला जायचं तर कारण लागायचं. लग्नाचा बस्ता, नाहीतर दवाखाना. तुम्ही अडत दुकानाचे दिवाणजी, घरातही वहीच चालायची. जाण्या-येण्याचं भाडं मोजून तिच्या हातावर ठेवायचात आणि संध्याकाळी ती पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच, ‘मोड किती उरली?’ आई पदराची गाठ सोडून नाणी चौरंगावर मांडायची. कधी चहा प्यायली असेल तर तोही सांगायची. राग म्हणून लिहीत नाही, तेव्हा सगळ्यांच्याच घरी ही रीत होती. पण ती गाठ सोडताना तिचा चेहरा मला अजून दिसतो.

आणि आता? ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली, कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी बस फुकट. पहिले पंधरा दिवस आई म्हणायची, ‘फुकटात बसायला कसंतरीच वाटतंय गं.’ मग एकदा खानापूरला मावशीकडे गेली. मग बेळगावला रविवार पेठेत, मग काकूंना घेऊन थेट सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला. कंडक्टर ‘आधार तोरिस्री’ म्हणायच्या आत हिचं कार्ड बाहेर. शून्य रुपयांची ती तिकिटं म्हणे तिनं देव्हाऱ्यातल्या डबीत जपून ठेवलीत. परवा विचारलं, बेळगावला कशाला गेली होतीस? तर म्हणते, ‘उगीच.’ आई, उभ्या जन्मात तू कधी काही उगीच केलेलं मला आठवत नाही!

लोक या योजनेला नावं ठेवतात. बाबा, तुम्हीही ठेवता, ‘पैसा कुठनं येतोय?’ म्हणून. विचारायलाच हवं. एसटीत पाय ठेवायला जागा नसते हेही खरं. पण पंचेचाळीस वर्षं तुमच्या वहीत न बसलेलं सुख त्या कागदाच्या चिटोऱ्यानं तिला दिलं, हे मला तरी नाकारता येत नाही. त्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार तिच्याच खात्यावर. काकू सांगत होत्या, हल्ली तुम्ही कटिंगला जाताना पैसे आईकडून घेता. ती मोड मागते का हो?

बाबा, चेष्टा पुरे. मागच्या आठवड्यात तुम्ही मला फोन करून विचारलंत, चहाची पूड कुठल्या डब्यात आहे. नंदगडच्या स्वयंपाकघरातली पूड पुण्याहून शोधायची! आईला बसच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नव्हती. मी डबा सांगितला, पण तुम्ही फोन ठेवेचना. पावसाचं बोललात, भाताचं बोललात, मग म्हणालात, ‘चारची गाडी अजून आली नाही वाटतं.’ मला कळायचं ते कळलं.

तेव्हा असं करा. तिच्याबरोबर जात चला. ‘मला तिकीट पडतं’ ही सबब चालणार नाही. आणि जागेचं म्हणाल तर योजना आली तेव्हा निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव ठेवल्या होत्या. पाटी वाचून हक्कानं भांडा, कन्नड तुमचं आईपेक्षा चांगलं आहे.

दिवाळीत मी येतेच आहे. माझ्या आधारवर पुण्याचा पत्ता, त्यामुळे मलाही तिकीट पडणार. आपण तिघं बेळगावला जाऊ. खडेबाजारात आईला काय हवं ते घेऊ, कुंदा खाऊ. तुमचं आणि माझं तिकीट आईनं काढायचं, तिच्या दोन हजारातून. मोड मी मोजून घेईन.

मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
ताई