इअरबड्सची सोय एकाच कंपनीपुरती नको

महोदय,

सप्टेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला आणि त्याच कार्यक्रमात स्वतःची डब्ल्यू-१ चिप असलेले एअरपॉड्स सादर केले. डबीचे झाकण उघडताच फोनच्या पडद्यावर जोडणीची सूचना उमटते, ती चिप, फोन आणि त्याची प्रणाली एकाच हाती असल्यामुळे. या कारागिरीचे कौतुकच करायला हवे.

परंतु नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरून मी मुलीसाठी घेतलेले इअरबड्स तिच्या फोनच्या कंपनीचे नाहीत, एवढ्याच कारणाने ते फोनवरून लॅपटॉपवर नेताना तिला प्रत्येक वेळी ब्लूटूथची यादी उघडून नाव शोधावे लागते, आणि तोवर ऑनलाइन तासिकेची पहिली मिनिटे निघून जातात. आवाज मात्र उत्तम आहे! गुणवत्तेत कमी नसलेला उत्पादक केवळ दार बंद असल्याने मागे पडत असेल, तर त्याला निकोप स्पर्धा म्हणता येणार नाही.

युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये, जवळ आणताच जोडणी होण्याची ही सोय इतर उत्पादकांनाही खुली करण्याचे अ‍ॅपलला बजावले. भारतीय स्पर्धा आयोगानेही या प्रश्नात लक्ष घालावे, ही विनंती.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक