मिश्र दुहेरीच्या जोडीलाही नावे असतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या बॅडमिंटन स्पर्धांच्या बातम्यांत एकेरीच्या उपांत्यपूर्व सामन्याचाही गेमनिहाय वृत्तान्त येतो, पण मिश्र दुहेरीची अंतिम लढत ‘चीनच्या जोडीला विजेतेपद’ एवढ्या ओळीत आटोपते. ही सवय आपल्या एकट्या दैनिकाची नाही, हे मान्य आहे. जोडीला नाव नसले की तिच्या यशाचे श्रेय आपोआप ‘चीनच्या यंत्रणे’ला जाते आणि वाचकाचीही समजूत तशीच होते. ही समजूत किती अपुरी आहे, हे चीनचे मिश्र दुहेरीचे माजी खेळाडू आणि नंतरचे प्रशिक्षक झांग जुन यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की ध्यानात येते. म्हणून हे पत्र.

झांग जुन सुझोऊचे. वुहानच्या गाओ लिंग यांच्यासोबत ते सन 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा सुवर्णपदकाचे पहिले दावेदार म्हणून 1999 चे जगज्जेते, कोरियाचे किम दोंग-मून आणि रा क्युंग-मिन, यांचे नाव घेतले जात होते. झांग-गाओ यांनी त्यांना उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर काढले. अंतिम सामन्यात समोर इंडोनेशियाची जोडी होती आणि पहिला गेम चीनच्या जोडीने 1-15 असा गमावला. त्या काळी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळत असे. त्यामुळे 1-15 हा आकडा दिसतो तेवढा एकतर्फी नसेलही. तरी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अवघा एक गुण घेऊन बाजू बदलणे ज्याच्या वाट्याला आले, त्याची अवस्था आमच्यासारख्या रविवारी सकाळी क्लबात फूल (शटल) मारणाऱ्यांनाही कळू शकते. पुढचे दोन्ही गेम त्यांनी 15-13, 15-11 असे जिंकले. चार वर्षांनी अथेन्समध्ये ब्रिटनच्या नेथन रॉबर्टसन आणि गेल एम्स यांच्याविरुद्ध पहिला गेम त्यांनी नेमका उलटा, 15-1 असा जिंकला. दुसरा 12-15 असा हातचा निसटला आणि तिसरा 15-12 असा कसाबसा मिळाला. मिश्र दुहेरीचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला 1996 साली. तेव्हापासून हे सुवर्ण दोनदा जिंकणारी जोडी ही एकच.

या दोन सुवर्णांच्या मधला काळ मात्र सुखाचा नव्हता. 2001 ची जागतिक स्पर्धा त्यांनी स्पेनमधील सेव्हिया येथे किम-रा यांनाच हरवून जिंकली, पण 2003 साली बर्मिंगहॅमच्या अंतिम सामन्यात याच कोरियन जोडीने त्यांना सरळ दोन गेममध्ये नमवले. त्या सुमारास किम-रा यांच्या विजयांची मालिका खंडित होण्याचे नाव घेत नव्हती. ‘चीनची मक्तेदारी’ हा शब्द मिश्र दुहेरीला लावण्यापूर्वी ही वर्षे आठवावीत. बीजिंगमध्ये 2008 साली, म्हणजे चीनच्या घरच्या मैदानावर, हे सुवर्ण कोरियाने नेले आणि 2016 साली रिओत इंडोनेशियाने.

आता मूळ मुद्दा. गाओ लिंग केवळ मिश्र दुहेरी खेळत नव्हत्या. सिडनीत त्यांनी महिला दुहेरीचे कांस्य आणि अथेन्समध्ये महिला दुहेरीचे रौप्यही मिळवले. म्हणजे झांग जुन यांची दोन्ही ऑलिंपिक सुवर्णे अशा जोडीदाराबरोबरची होती, जिच्या पायांत एकाच आठवड्यात दोन स्पर्धा असत. मिश्र दुहेरीत बाई नेटजवळ राहून फूल अडवते आणि पुरुष मागून स्मॅश मारतो, असे ढोबळ चित्र असले, तरी प्रतिस्पर्धी नेमका तिलाच मागे खेचण्याचा प्रयत्न करतात, आणि दमलेल्या पायांची किंमत तिथे चुकवावी लागते.

एप्रिल 2017 मध्ये ली योंगबो यांनी चीनच्या संघाची सूत्रे सोडल्यावर एकेरीची जबाबदारी शिया शुआनझे यांच्याकडे आणि दुहेरीची झांग जुन यांच्याकडे आली. त्या वर्षी चीनकडे मिश्र दुहेरीच्या दोन भक्कम जोड्या होत्या. झेंग सिवेई आणि चेन चिंगचेन यांनी जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले होते, तर लु काई आणि हुआंग याचियोंग यांनी ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली होती. वर्ष संपण्याच्या आत दोन्ही जोड्या मोडल्या गेल्या. झेंग सिवेई यांना हुआंग याचियोंग यांची साथ मिळाली, आणि चेन चिंगचेन यांनी जिया यिफान यांच्यासह महिला दुहेरीवर लक्ष एकवटले. जिंकणारी जोडी कोणी मोडत नाही, हा आपल्याकडचा व्यवहार. आपल्याकडे असे झाले असते, तर निवड समितीला धारेवर धरणारी पत्रे आपल्या दैनिकाकडे पोत्याने आली असती, आणि त्यांत एखादे माझेही असते.

पुढचा हिशेब असा. झेंग-हुआंग 2018, 2019 आणि 2022 साली जगज्जेते झाले. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात वांग यिल्यु आणि हुआंग दोंगपिंग या आपल्याच संघातील जोडीकडून ते तीन गेममध्ये हरले आणि पॅरिसमध्ये 2024 साली सुवर्ण घेऊनच थांबले. चेन-जिया यांनाही पॅरिसमध्येच महिला दुहेरीचे सुवर्ण मिळाले. फेररचनेचे सगळे श्रेय एका माणसाला देणे योग्य नव्हे. मिश्र दुहेरीच्या प्रशिक्षणात यांग मिंग यांचा वाटा मोठा आहे, शिवाय 2019 साली झांग जुन चिनी बॅडमिंटन संघटनेचे अध्यक्ष झाले. तरीही दोन ऑलिंपिकमध्ये दोन आघाड्यांवर झुंजणारी जोडीदार ज्याने रोज पाहिली, त्याच्या हाती दुहेरीचा संघ आल्यावर वर्षभरात एका खेळाडूला एकाच प्रकारावर ठेवले जाते, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हे माझे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत भारताची जोडीच नव्हती. गोव्याशी नाते असलेली तनिषा क्रास्टो तेथे अश्विनी पोनप्पासह महिला दुहेरी खेळली. 2025 च्या जागतिक स्पर्धेत मात्र ध्रुव कपिलासह तिने मिश्र दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिने दोन्ही प्रकार खेळावेत की एक, हा प्रश्न क्रीडा पानावर चर्चेला यावा इतका महत्त्वाचा आहे. पण जो प्रकार बातमीत एका ओळीपुरता असतो, त्यावर चर्चा कोण करणार?

जाता जाता आणखी एक. ज्यांच्याशी झांग जुन यांची सिडनी, सेव्हिया आणि बर्मिंगहॅम येथे गाठ पडली, ते किम दोंग-मून 2025 साली कोरियाच्या बॅडमिंटन संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. मिश्र दुहेरीच्या पुढच्या अंतिम सामन्याच्या बातमीत चारही खेळाडूंची आणि दोन्ही प्रशिक्षकांची नावे छापावीत, एवढी विनंती.

आपला,
एक बॅडमिंटनप्रेमी वाचक, पुणे